चिचुंद्रीतला विषाणू: सापडला १९६४ला, कळला २००७ला



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम अभिवादन. संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "रानउंदरांतले विषाणू". पलीकडे थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग अगदी आदराने प्रश्न आला, "सर, जेवणाच्या आधी ठेवू की नंतर?" आधी ठेवलंत, हे बरं केलंत.

मढच्या कोळीवाड्यातल्या माणसाला उंदराची ओळख करून द्यायला नको. बोंबील वलांडीवर असतात तोवर कावळ्यांपासून जपायचे, सुकून माळ्यावर गेले की उंदरांपासून. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, जाळी गुंडाळून ठेवली की नारळी पुनवेला त्यांत किती भोकं निघतील, हे उंदीरच ठरवणार. गटाराकाठची घूस, कौलांवरचा काळा उंदीर, भिंतीच्या कडेकडेने चिक्‌चिक् करत पळणारी चिचुंद्री ही सगळी मंडळी आपल्या घरातली आहेत. त्यांच्या अंगात काय राहतं, ते कोणी आणि कसं शोधलं, याबद्दल मी बोलणार आहे.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. विषाणू सापडणं आणि विषाणू ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींच्या मधे कधी काही आठवडे जातात, कधी चाळीस वर्षं. मधल्या काळात कोणीतरी नमुना सांभाळावा लागतो आणि त्यावरची चिठ्ठी शाबूत राहावी लागते. शोधाचं श्रेय वाटताना आपण हुशारीला देतो तेवढंच या सांभाळण्याला द्यायला हवं.

सुरुवात मात्र विषाणूपासून करत नाही. उंदराकडे शास्त्राच्या नजरेने बघायला मुंबई शिकली ती प्लेगच्या काळात, आणि प्लेग हा जिवाणूचा रोग. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला. त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि जानेवारी १८९७मध्ये त्यांनी स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था याच कामातून उभी राहिली. तोवर आपल्या लोकांनी आपल्यापुरता नियम करून टाकला होता: घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं. कारण कोणालाच माहीत नव्हतं, पण निरीक्षण पक्कं होतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये कराचीत प्रयोग करून सांगितलं की उंदराचा प्लेग पिसवेतून माणसापर्यंत जातो. त्याला बराच काळ कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

मनावर घ्यायला लावलं ते मुंबईने. १९०५पासून प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी परळच्या प्रयोगशाळेत शहरातले उंदीर रोज मागवायला सुरुवात केली. उंदीर कुठून आला, कोणत्या जातीचा, प्लेग होता की नव्हता, याची नोंद व्हायची. ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर किती पिसवा चढतात ते मोजलं. या सगळ्या नोंदी तारखेवार लावल्यावर एक क्रम दिसला. साथ आधी गटारातल्या उंदरांत येते, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसांत. हे कोणाला एखाद्या रात्री अचानक सुचलं नाही. हजारो मेलेल्या उंदरांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे मांडल्यावर ते आपोआप समोर आलं.

आता अडचण बघा. प्लेगमध्ये उंदीर पडतो, म्हणून माणसाला इशारा मिळतो. पण उंदीर पडलाच नाही तर? विषाणूंचं नेमकं असंच असतं. ज्या जातीच्या प्राण्यात एखादा विषाणू हजारो वर्षं राहिला आहे, तिला तो सहसा मारत नाही. प्राणी खातोपितो, पिल्लं घालतो आणि आयुष्यभर आपल्या मुतातून, लेंड्यांतून, लाळेतून विषाणू टाकत राहतो. ते वाळतं, धुळीत मिसळतं, झाडताना उडतं आणि आपल्या श्वासातून आत जातं. मधे पिसू नाही, डास नाही, गोचीड नाही. अशा विषाणूंच्या एका घराण्याला हंताविषाणू म्हणतात.

या घराण्याचं नाव कोरियातल्या हंतान नदीवरून पडलं. १९५१ ते १९५३ या काळात कोरियाच्या युद्धात संयुक्त राष्ट्रांचे तीन हजारांहून अधिक सैनिक एका विचित्र तापाने आजारी पडले. ताप, रक्तस्राव, मग मूत्रपिंडं निकामी. मोठमोठ्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. रुग्णांचं रक्त उंदरांना, माकडांना टोचलं, काही हाती लागलं नाही. युद्ध थांबलं, सैनिक घरी गेले, कारण तसंच अज्ञात राहिलं. ली हो-वांग या कोरियन शास्त्रज्ञाने प्रश्न उलटा केला. प्राण्याला आजारी पाडून बघण्याऐवजी त्यांनी शेतातले पट्टेवाले उंदीर पकडले, त्यांच्या फुप्फुसाचे गोठवलेले पातळ काप काचेवर ठेवले आणि त्यांवर आजारातून बऱ्या झालेल्या माणसांच्या रक्तातला द्रव टाकला. त्या द्रवात विषाणू ओळखणारी प्रतिद्रव्यं असतात. त्यांना चमकणारा रंग जोडला, की जिथे विषाणू असेल तिथे सूक्ष्मदर्शकाखाली काप चमकायला हवा. १९७६मध्ये तो चमकला. उंदीर मात्र पूर्ण धडधाकट होता.

ही पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण विषाणू शोधण्याचं सगळं मर्म पद्धतीत आहे. तुमचंच उदाहरण घेतो. डोलीच्या जाळ्याने बोंबील आणि जवळा लागतो. तेच मोठ्या आसाचं जाळं टाकलं तर जवळा सगळा निसटून जाईल, आणि समुद्रात जवळा नाहीच असं कोणी म्हणालं तर तुम्ही हसाल. विषाणूशास्त्रज्ञांची जाळीही अशीच बदलत गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्य जाळं होतं उंदरांची दोन-तीन दिवसांची पिल्लं. संशयित नमुना त्यांच्या मेंदूत टोचायचा आणि पिल्लं आजारी पडतात का ते बघायचं. पिल्लांना मारणारा विषाणू यात सापडायचा, न मारणारा निसटायचा. काचेच्या बाटलीत वाढवलेल्या पेशी आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकही हाती आले. १९९०च्या सुमारास पीसीआर आली. करोनामुळे हे नाव आता घरोघरी माहीत आहे. तिने ओळखीच्या विषाणूचे नातेवाईक सापडतात, पण अगदी अनोळखी घराण्यातला असेल तर तिलाही चकवा बसतो. आणि आता नमुन्यातला सगळा जनुकीय मजकूर एकदम वाचून काढायचा आणि त्यात कोण कोण आहे ते संगणकाने वेगळं करायचं, हेही होऊ लागलं आहे.

जाळं बदललं तरी किनाऱ्यावरचं काम बदललेलं नाही. संध्याकाळी सापळे लावायचे, कोंबडा आरवायच्या सुमारास उचलायचे, कारण ऊन चढलं की सापळ्यातला प्राणी मरतो आणि नमुना वाया जातो. आमिषाला आपल्याकडे खोबरं, शेंगदाणे, भजी चालतात. सुकटीचं काय ते तुम्हाला सांगायला नको. हातमोजे, मास्क, डोळ्यांवर चष्मा. काम शक्यतो मोकळ्या हवेत आणि वारा पाठीशी घेऊन. प्राण्याला भूल द्यायची. अंगावरच्या पिसवा, गोचिड्या कंगव्याने विंचरून वेगळ्या बाटलीत. डोक्यापासून धडाची लांबी, शेपूट, मागचं पाऊल, कान, वजन. रक्त, मग यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, फुप्फुस यांचे बारीक तुकडे छोट्या नळ्यांत घालून थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. प्रत्येक नळीवर एकच क्रमांक, तोच वहीत, तोच जपून ठेवलेल्या कवटीवर. दोन उंदीर दिसायला सारखे आणि जात वेगळी, असं सर्रास घडतं. कोणत्या जातीतून विषाणू मिळाला हे पुढे वाद झाला तर सांगणारी ती कवटीच. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११मध्ये सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण सुरू केलं आणि कातडी, कवट्या जमवल्या, तेव्हा विषाणूचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. पण आपल्याकडे कोणता उंदीर कुठे राहतो, हे आज आपण सांगू शकतो ते अशाच कामाच्या जोरावर.

आता मूळ गोष्टीकडे येतो. १९६४ साल. तामिळनाडूतलं वेल्लोर. जपानी मेंदूज्वराच्या अभ्यासासाठी तिथले शास्त्रज्ञ डास आणि लहान प्राणी पकडत होते. त्यात एक चिचुंद्री सापडली, आपल्या घरात फिरते तीच जात, सुंकस म्युरिनस. तिच्या नमुन्यातून एक विषाणू वेगळा झाला. मेंदूज्वराचा तो नव्हता. त्या वेळच्या कोणत्याच ओळखीच्या विषाणूशी त्याचं जुळेना. वेल्लोरमधल्या त्याच नावाच्या भागावरून त्याला थोट्टापलायम म्हटलं. केरी, रूबेन, पणिकर, शोप आणि मायर्स या पाच जणांनी १९७१मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये त्याची माहिती छापली. शीर्षकात त्यांनी त्याला संभाव्य कीटकजन्य विषाणू म्हटलं. जेवढं हाती होतं तेवढंच बोलायचं, ही शिस्त त्या एका शब्दात दिसते. मग विषाणू गोठवून ठेवला गेला.

साल पुन्हा लक्षात घ्या. १९६४. कोरियातला काप चमकला तो १९७६मध्ये. हंताविषाणूंच्या घराण्यातला पहिला विषाणू वेल्लोरच्या चिचुंद्रीतून बारा वर्षं आधीच हाती आलेला होता, फक्त ते घराणं अस्तित्वात आहे हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. १९८०च्या दशकात जुन्या, न ओळखलेल्या विषाणूंची पुन्हा छाननी झाली, तेव्हा थोट्टापलायम हंताविषाणूंमध्ये बसतो असं दिसलं. त्यावरही पुष्कळ जणांच्या भुवया वर गेल्या. कारण हंताविषाणू म्हणजे उंदरांचे, असं पक्कं ठरलं होतं आणि चिचुंद्री उंदीर नाहीच. आपण तिला उंदरात धरतो, पण तिला उंदरासारखे कुरतडणारे पटाशीचे दात नसतात. ती झुरळं, किडे खाते. उंदरापेक्षा ती मोल नावाच्या, जमीन उकरणाऱ्या कीटकभक्षी प्राण्यांच्या जवळची. म्हणून अनेकांना वाटलं की हा विषाणू मूळचा कुठल्या तरी उंदराचा असेल, चिचुंद्रीत चुकून आला असेल.

या शंकेचं उत्तर २००७मध्ये आलं, आणि त्यात पुण्याचा हात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या डॉ. प्रज्ञा यादव यांनी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतल्या व्हिन्सेंट आणि निकोल यांच्यासह थोट्टापलायमचा जनुकीय मजकूर वाचला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानेही त्याचा पूर्ण मजकूर प्रसिद्ध केला. निष्कर्ष एकच: हा विषाणू उंदरांतल्या सगळ्या हंताविषाणूंपासून फार लांबचा आहे. तो चिचुंद्रीत वाट चुकून आलेला नाही, चिचुंद्रीचाच आहे. यादव यांचं नाव तुम्ही करोनाच्या काळात ऐकलं असेल. २०२०मध्ये पुण्यात करोनाचा विषाणू वेगळा करण्याच्या कामात त्या पुढे होत्या.

त्यानंतर दारं उघडलीच. हवाईमधल्या रिचर्ड यानागिहारा यांच्या आणि इतर गटांनी जगभरच्या चिचुंद्र्या, मोल आणि मग वटवाघळं तपासायला घेतली. त्यातले कितीतरी नमुने संग्रहालयांच्या शीतपेट्यांमध्ये वर्षानुवर्षं पडून होते, दुसऱ्याच कोणीतरी दुसऱ्याच कारणासाठी जमवलेले. त्यांतून नवे हंताविषाणू एकामागून एक निघाले. उंदरांवरून लिहिलेला घराण्याचा इतिहास पुन्हा लिहावा लागला.

असंच एक उदाहरण अमेरिकेतलं. १९९३च्या उन्हाळ्यात नैऋत्य अमेरिकेत, नावाहो या आदिवासी लोकांच्या भागात, तरुण धडधाकट माणसं फुप्फुसांत पाणी भरून काही दिवसांत मरू लागली. सीडीसीने काही आठवड्यांत कारण शोधलं: एक नवा हंताविषाणू, मृगमूषक नावाच्या रानउंदरातून आलेला. इतक्या लवकर कसं जमलं? रुग्णांचं रक्त हंताविषाणूंच्या जुन्या नमुन्यांशी ताडून बघता आलं म्हणून. ली यांचा चमकलेला काप नसता, तर हा शोध इतक्या झपाट्याने लागला नसता. आणि न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहालयात आधीच्या दशकातले गोठवलेले उंदीर होते, त्यांतही हाच विषाणू निघाला. म्हणजे विषाणू नवा नव्हता, आपल्याला दिसला तो नव्याने. त्या आधी पाऊस भरपूर झाला होता, रानात खाणं वाढलं होतं, उंदीर वाढले होते. नावाहो वृद्धांनी हे सांगितलंही होतं. आपल्याकडच्या "उंदीर पडायला लागले" या वाक्याचंच ते भावंड.

हे सगळं परदेशी आणि दक्षिणेतलं वाटत असेल तर कोकणात येतो; वाट मात्र कर्नाटकातून जाते. १९५७मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासानूरच्या रानात माकडं मरू लागली आणि आसपासची माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले लोक धावले. हे केंद्र १९५२मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी सुरू केलं होतं. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. आधी धास्ती वाटली की पीतज्वर भारतात आला. निघाला वेगळाच विषाणू, रशियातल्या गोचिडीच्या मेंदूज्वराशी नातं सांगणारा. तो सैबेरियातून पक्ष्यांबरोबर तर आला नाही ना, या शंकेमुळे सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्या पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली. विषाणू शोधता शोधता भारतात पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास उभा राहिला.

पण माकडं मरतात, म्हणजे विषाणूला तिथे कायमचं घर मिळत नाही. मग माकडं मरत नसतात तेव्हा तो कुठे असतो? हा प्रश्न घेऊन पुण्याची माणसं वर्षानुवर्षं त्या रानात सापळे लावत राहिली. पांढऱ्या शेपटीच्या रानउंदरात विषाणू सापडला, आपल्या चिचुंद्रीतही सापडला, आणि गोचिडीची लहान पिल्लं अशाच छोट्या प्राण्यांच्या रक्तावर वाढतात हेही दिसलं. माणूस बघतो ते मेलेलं माकड. रोगाचा गाडा चालत राहतो तो पालापाचोळ्याखाली. हाच माकडताप २०१५मध्ये गोव्यात सत्तरीत आणि २०१६मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात पोचला. काजूच्या बागेत, रानात काम करणाऱ्यांना तो झाला. विषाणू लगेच ओळखता आला तो साठ वर्षांपूर्वीच्या नोंदी आणि नमुने पुण्यात होते म्हणून. २०१२पासून पुण्यात सगळ्यांत कडक सुरक्षेची चौथ्या पातळीची प्रयोगशाळाही आहे, त्यामुळे असे विषाणू तपासायला परदेशात पाठवावे लागत नाहीत.

आता तुमच्या मनातला प्रश्न मी विचारतो: मग आमच्या माळ्यावरच्या चिचुंद्रीचं काय? थोट्टापलायममुळे माणसाला आजार होतो, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. प्राण्यात विषाणू सापडला म्हणजे माणसाला रोग आला, असं समीकरण नाही. उलट बाजूही सांगतो. २०२२मध्ये चीनमधून लांग्या नावाच्या नव्या विषाणूची बातमी आली. ३५ रुग्ण आधी सापडले, मग २५ जातींच्या छोट्या प्राण्यांत शोध घेतला, तेव्हा तो मुख्यतः चिचुंद्र्यांत निघाला. म्हणजे घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. चिचुंद्र्या मारत सुटू नका. त्या तुमची झुरळं खातात.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. बंद खोली, माळा, जाळ्यांची खोपटी पावसाळ्यानंतर उघडाल तेव्हा आधी दारं-खिडक्या उघडून वारा खेळू द्या. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने जागा भिजवा, थोडं थांबा, मग फडक्याने पुसा. नाकातोंडाला रुमाल बांधा. सुकी मासळी झाकणाच्या डब्यात किंवा पिंपात ठेवा. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका, आणि एकाच ठिकाणी बरेच मेलेले दिसले तर पालिकेच्या विभाग कार्यालयाला कळवा. लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी मुंबईच्या २००५च्या पुरानंतर आपण घाण पाण्यात उघड्या पायांनी उतरू नये हे शिकलो, तेवढंच हे शिकायला सोपं आहे.

आणि समोर शाळेतली, कॉलेजातली मुलं बसली आहेत, त्यांच्यासाठी शेवटचं. या व्याख्यानात मी ज्यांची नावं घेतली ते सगळे थोर होतेच, पण वेल्लोरच्या त्या चिचुंद्रीला पकडून चिठ्ठी लावणाऱ्याचं नाव आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. त्याने तारीख घातली, जागा घातली, जात बरोबर लिहिली. म्हणून त्रेचाळीस वर्षांनी दुसऱ्या पिढीला त्यातून काही वाचता आलं. हे काम करायला प्रयोगशाळा लागत नाही. प्राण्याला हात लावायचीही गरज नाही. कोणत्या महिन्यात कोणता उंदीर कुठे दिसतो, घुशी कधी वाढतात, बोंबलाचा हंगाम आणि उंदरांचा हंगाम यांचा काही मेळ आहे का, हे मढच्या एका शाळेने वहीत तारखेवार लिहायला घेतलं, तर त्या वहीचा उपयोग कोणाला होईल हे आज मी सांगू शकत नाही. वेल्लोरमध्ये १९६४लाही कोणी सांगू शकलं नसतं. गुरुजी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासत होते. त्यांच्या नावाची व्याख्यानमाला दरवर्षी एक व्याख्यान देते. तिने जोडीला अशी एक वही सुरू करावी, ही माझी विनंती.